फळे खाणाऱ्या मांजराचे पोट वारंवार बिघडत असेल तर कारण कसे शोधावे

नाशिकमध्ये मांजर पाळणाऱ्या घरांतून एक तक्रार जानेवारीपासून जूनपर्यंत हमखास ऐकू येते. मांजर एरवी ठणठणीत असते, खेळते, जेवते. पण दर पंधरा-वीस दिवसांनी उलटी करते, दोन दिवस शी पातळ होते, लिटर ट्रेला आंबूस वास येतो, डॉक्टरांच्या औषधाने बरे वाटते आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच सुरू होते. जंतांचे औषध वेळेवर दिलेले असते आणि कॅट फूडही बदललेले नसते. ‘बाहेरचे काही खात नाही हो, आमच्याबरोबर फक्त थोडेसे फळ खाते’ हे वाक्य मात्र यातल्या बहुतेक घरांत ऐकायला मिळते, आणि तपासाची सुरुवात तिथूनच करावी असे माझे मत आहे.

आपल्याकडे या सहा महिन्यांत घरात फळ नाही असा दिवस विरळाच. निफाड-दिंडोरीकडून ओळखीच्या बागाईतदाराची द्राक्षांची पेटी येते, पाठोपाठ कलिंगड आणि खरबूज, मग आंबे, आणि पहिल्या पावसाच्या सुमारास जांभळे. मांजर माणसांत बसते, ताटाशी येते आणि कोणीतरी मायेने एक फोड त्याच्यापुढे ठेवतो. यातल्या बऱ्याच फळांचा गर मांजराला विषारी नाही; तरीही पोट बिघडते, ते बहुधा मात्रेमुळे, फळासोबत पोटात गेलेल्या दूध-साखरेमुळे किंवा साली-बियांमुळे. काही थोडी फळे मात्र मांजराच्या जवळपासही येऊ नयेत अशी आहेत, आणि त्यांत आपल्या जिल्ह्याचे सर्वांत लाडके फळ आहे. म्हणून ‘फळ बंद’ किंवा ‘फळ चालते’ असा एका शब्दात निकाल न लावता, कारण नेमके कुठे दडले आहे ते क्रमाने पाहावे लागते.

आधी घाई कशात करायची ते

पुढचा सगळा तपास घरी, सावकाश करण्याचा आहे. परंतु काही लक्षणांत वाट पाहणे धोक्याचे असते. एका दिवसात तीन-चार उलट्या होणे, उलटीत किंवा शीत रक्त दिसणे, हिरड्या फिकट पडणे, मांजर कोपऱ्यात अंग चोरून बसणे आणि हाक मारूनही न उठणे, पूर्ण दिवसभर अन्नाला तोंड न लावणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे. मांजराच्या उपासाकडे आपण फार सहजपणे पाहतो. पण मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, काही दिवस उपाशी राहिले तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि मूळ दुखण्यापेक्षा हे नवे दुखणे जिवावर बेतते. पिल्लांच्या बाबतीत तर काही तासांचे जुलाबही अंगातले पाणी संपवायला पुरेसे असतात.

बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन कुंथत असेल तर त्याला बद्धकोष्ठ झाले असे समजून पपई भरवत बसू नये. अनेकदा त्याची लघवी अडलेली असते, आणि ती पूर्ण अडली तर एक-दोन दिवसांत प्राणावर बेतते. ट्रेमधल्या वाळूत ओला गोळा दिसतो आहे का, हे अशा वेळी सर्वांत आधी पाहावे.

घरगुती उपायांबद्दल एवढेच सांगतो की उलटी करवण्यासाठी मिठाचे पाणी किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड पाजू नये. दोन्हींनी मांजराला इजा होते. अंग गरम लागते म्हणून पॅरासिटॅमॉलचा तुकडाही देऊ नये. हे औषध पचवून बाहेर टाकण्याची यकृताची जी वाट माणसात असते ती मांजरात जवळपास बंद असते, त्यामुळे आपल्यासाठी साधी असलेली एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

मांजराच्या पोटाची घडण

मांजर शुद्ध मांसाहारी प्राणी आहे, हे आपण ऐकलेले असते, पण त्याचा अर्थ रोजच्या ताटात काय होतो हे लक्षात आले की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. मांजराच्या लाळेत पिष्टमय पदार्थ फोडणारे विकर नसते, स्वादुपिंडात आणि आतड्यातही अशा विकरांचे प्रमाण कमीच असते, आणि एकदम रक्तात आलेली साखर हाताळण्याची यकृताची तयारीही आपल्यासारखी नसते. थोडी साखर पचते; तिच्यापेक्षा जास्त गेली की ती न पचता मोठ्या आतड्यात उतरते, तिथे पाणी ओढून घेते, जिवाणू तिला आंबवतात, आणि मग गॅस, पोटातली गुरगुर व पातळ, आंबूस वासाची शी हा क्रम सुरू होतो. वर सांगितलेली तक्रार हीच.

मांजराला गोड चवही कळत नाही. गोडाची जाणीव करून देणाऱ्या ग्राहीसाठी दोन जनुके लागतात; त्यांतले एक मांजरांत निकामी झालेले आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातील संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले. तेव्हा ‘आमच्या मनीला आंबा फार आवडतो’ असे जे आपण म्हणतो, ती आवड गोडीची नसते. वास, गारवा, मऊपणा, रसात मिसळलेले दूध-तूप आणि सर्वांत जास्त म्हणजे आपल्या हातून काहीतरी मिळते आहे याचा आनंद, अशी तिची कारणे असतात. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण त्यामुळे फळ कमी करताना आपण मांजराचा आनंद हिरावून घेत आहोत ही टोचणी मनातून जाते.

जीवनसत्त्वांसाठी फळ द्यावे, असेही पुष्कळ लोक मनापासून मानतात. मांजर क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करते. आंबा-पपईतल्या केशरी रंगद्रव्यापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व बनवते, मांजराचे शरीर बनवू शकत नाही; त्याला ते मांस, अंडी किंवा तयार कॅट फूडमधूनच मिळावे लागते. ज्या घरांत मांसाहार होत नाही आणि मांजराला दूध-पोळी व फळे यांवर वाढवले जाते, त्या घरांना कळकळीने सांगावेसे वाटते की मांजराला टॉरिन नावाचे अमिनो आम्ल अन्नातून मिळणे अटळ आहे आणि ते फळांत नसते. टॉरिन कमी पडले की दृष्टिपटल खराब होते, आणि हृदयाचा स्नायू सैल पडून हृदय निकामी होऊ शकते. हृदयाच्या या आजाराचा टॉरिनशी असलेला संबंध कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी १९८७ साली दाखवला. घरात मांस शिजवायचे नसेल तर मांजरासाठीचे संपूर्ण आहार म्हणून विकले जाणारे तयार खाद्य आणावे, आणि फळाला त्या आहाराची जागा कधीही देऊ नये.

घरात कोण, काय आणि किती देते

तपासाची खरी सुरुवात इथून होते, आणि ती मांजराकडे न पाहता माणसांकडे पाहून करावी लागते. एका कागदावर तारीख, वेळ, काय दिले, किती दिले आणि कोणी दिले असे रकाने आखून तो फ्रिजच्या दारावर चिकटवावा, दोऱ्याने पेन बांधून ठेवावे आणि घरातल्या प्रत्येकाने, अगदी मुलांनीही, दिलेली प्रत्येक गोष्ट लिहावी अशी विनंती करावी. कोणाला रागवायचे नाही, एवढे आधीच सांगून ठेवावे. नाहीतर कागद कोरा राहतो आणि शी मात्र पातळच राहते.

इंदिरानगरच्या एका घरातला असा कागद मी पाहिला आहे. त्या घरातली मांजरी ‘दिवसातून एक फोड’ खाते असे सर्वांचे ठाम म्हणणे होते. कागदावर मात्र सकाळी आजोबांनी केळ्याची चकती दिल्याचे होते, दुपारी शाळेतून आलेल्या नातीने खरबुजाच्या दोन फोडी, संध्याकाळी आईने आमरसाची वाटी चाटायला, आणि रात्री पुन्हा आजोबांनी शिकरणाचा शेवटचा चमचा. प्रत्येकाच्या दृष्टीने ती एकच फोड होती, आणि कोणीही खोटे बोलत नव्हते. मांजरीच्या पोटात मात्र चार माणसांची माया एकत्र जात होती.

मात्रेचा हिशेब सोपा आहे. साधारण ४ किलो वजनाच्या घरातल्या मांजराला दिवसाला २०० ते २५० कॅलरी लागतात. रोजच्या मुख्य आहाराबाहेरचा सगळा खाऊ मिळून यातल्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा, म्हणजे २० ते २५ कॅलरी. केळ्याच्या २५ ग्रॅमच्या तुकड्यातच सुमारे २२ कॅलरी असतात, म्हणजे पाव केळे दिले की दिवसाचा सगळा खाऊ संपला, आणि तोही मांजराला न मानवणाऱ्या साखरेच्या रूपात. ६० किलोच्या माणसाच्या मानाने पाहिले तर मांजराने खाल्लेली २० ग्रॅमची सफरचंदाची फोड ही आपण एका बैठकीत ३०० ग्रॅम सफरचंद खाण्यासारखी आहे. म्हणून फळापुरती माझी मर्यादा याहूनही खाली आहे: अंगठ्याच्या नखाएवढा एक तुकडा, जेमतेम ५ ग्रॅमचा, आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा.

फळासोबत काय जाते

फळाचे नाव होते आणि काम दुसरेच कोणी करते, असे बऱ्याचदा घडते. शिकरण, आमरस, फ्रूट सॅलड, फ्रूट कस्टर्ड, आम्रखंड यांत दूध किंवा दुधाचा पदार्थ आणि भरपूर साखर असते. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. लहानपणी ती पचवणारे विकर वयाबरोबर कमी होत जाते. फळ आणि दूध एकत्र गेले की दोन न पचलेल्या साखरा एकाच आतड्यात उतरतात. मांजराने नुसते खरबूज खाल्ले तेव्हा काही झाले नाही आणि मिल्कशेक चाटल्यावर जुलाब झाले, असे कागदावर दिसले तर दोष कोणाचा हे वेगळे सांगायला नको.

फ्रूट चाटवर मीठ, चाट मसाला आणि चिंचेची चटणी असते. कोशिंबिरीत कांदा असतो. कांदा, लसूण आणि त्यांची पूड, कच्ची असो की शिजवलेली, मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते, आणि त्याचा परिणाम लगेच न दिसता काही दिवसांनी फिक्या हिरड्या, धाप व मलूलपणा यांच्या रूपाने दिसतो. लासलगावच्या बाजारामुळे कांदा आपल्या जिल्ह्यात घरोघरी गोणीने असतो, त्यामुळे त्याच सुरीने आणि त्याच पाटावर कापलेले फळसुद्धा मांजराला देऊ नये, असे मी सांगतो.

प्रसादाचे वेगळे लिहायला हवे, कारण तिथे आपण सगळेच हात आखडता घेत नाही. सत्यनारायणाच्या शिऱ्यात केळे असते, तूप असते, साखर असते आणि बेदाणे असतात. गणपतीतल्या खिरापतीतही खारीक-खोबऱ्याबरोबर बेदाणे येतात. द्रोणाच्या तळाशी उरलेले तूप चाटायला मांजर येते आणि तुपात माखलेला फुगलेला बेदाणा मऊ मांसाच्या तुकड्यासारखा त्याच्या तोंडात जातो. पूजा झाली की द्रोण-पत्रावळी लगेच झाकणाच्या डब्यात टाकाव्यात आणि मांजराला त्या वेळी दुसऱ्या खोलीत त्याच्या आवडीचे खाणे द्यावे. देवाच्या प्रसादाला नाही म्हणू नये ही भावना मी मानतो. पण मांजराच्या वाट्याचा प्रसाद शिऱ्याऐवजी त्याच्या नेहमीच्या खाण्याचे चार दाणे असला तरी तो प्रसादच.

द्राक्षे आणि बेदाणे

यावर मी कसलीही सवलत देत नाही. द्राक्षे, बेदाणे आणि मनुका खाल्ल्याने कुत्र्यांची मूत्रपिंडे अचानक निकामी होतात, हे निःसंशय माहीत आहे. विषारी घटक कोणता याचा शोध दीर्घकाळ चालला आणि २०२१ साली अमेरिकेतील प्राण्यांच्या विषबाधेवर काम करणाऱ्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. द्राक्षांत हे आम्ल भरपूर असते आणि जात, पिकण्याची अवस्था यांनुसार त्याचे प्रमाण बदलते; म्हणूनच एका कुत्र्याला मूठभर द्राक्षांनी काही होत नाही आणि दुसरा थोड्याशा द्राक्षांनी अत्यवस्थ होतो, या कोड्याचा उलगडा त्यातून होतो. चिंचेचा आंबटपणाही मुख्यतः याच आम्लाचा, त्यामुळे चिंचेची चटणी वर सांगितलेल्या कारणांखेरीज आणखी एका कारणाने वर्ज्य ठरते.

मांजरांत अशा घटना कुत्र्यांच्या तुलनेत फार थोड्या नोंदल्या गेल्या आहेत, आणि द्राक्ष चाटलेले प्रत्येक मांजर आजारी पडते असे म्हणणे खोटे ठरेल. परंतु मांजरासाठी अमुक इतकी द्राक्षे सुरक्षित आहेत अशी मर्यादा कोणीही ठरवलेली नाही, मूत्रपिंडांचा आजार हा वयस्क मांजरांचा तसाही मोठा शत्रू आहे, आणि एकदा मूत्रपिंडाचा गेलेला भाग परत येत नाही. एवढे माहीत असताना प्रयोग करण्याजोगे या फळात मांजरासाठी काहीच नाही. बी नसलेले द्राक्ष, साल काढलेले द्राक्ष, मिठाच्या पाण्यात धुतलेले द्राक्ष, असे पर्याय मला नेहमी विचारले जातात. संशय गरातल्या आम्लाचा आहे, तेव्हा धुण्या-सोलण्याने तो दूर होत नाही. धुतल्याने फवारणीचे अवशेष कमी होतात, ते माणसांसाठी जरूर करावे.

घरात द्राक्षाची पेटी असेल तर खरी अडचण घडातून गळलेल्या मण्यांची असते. मणी गोल, गुळगुळीत, पंजाने ढकलला की फरशीवर पळणारा. मांजराला खेळायला याहून चांगले काय हवे? खेळता खेळता दात लागतो, मणी फुटतो आणि रस चाटला जातो. म्हणून पेटी जमिनीवर उघडी ठेवू नये, घड झाकणाच्या डब्यांत घालून फ्रिजमध्ये ठेवावेत, आणि रात्री झोपण्यापूर्वी सोफ्याखाली व ओट्याच्या कोपऱ्यात एकदा बॅटरी मारून पाहावे.

मांजराने द्राक्ष किंवा बेदाणा गिळल्याचे लक्षात आले तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यांना फोन करावा, आणि किती खाल्ले, केव्हा खाल्ले, मांजराचे वजन किती हे सांगावे. कुत्र्यांत उलट्या पहिल्या दिवसातच सुरू होतात आणि मूत्रपिंडांवरचा परिणाम पुढच्या एक ते तीन दिवसांत दिसतो. त्यामुळे मांजर संध्याकाळी बरे दिसले म्हणजे धोका टळला असे धरू नये. पुढचे तीन दिवस ते पाणी किती पिते आणि लघवी किती करते यावर नजर ठेवावी.

बाकीच्या फळांचे

खरबूज हे मांजरांना सर्वांत जास्त भुरळ घालणारे फळ आहे. फोड कापताच दुसऱ्या खोलीतले मांजर धावत येते. साल आणि बिया काढून लहान तुकडा दिला तर बहुतेक मांजरांना तो सोसतो. कलिंगडाचेही तसेच. मात्र ‘उन्हाळ्यात पाणी पोटात जावे म्हणून’ कलिंगड भरवणे हा उलटा उपाय आहे, कारण जास्त खाल्ले की जुलाबांतून आहे तेही पाणी जाते. पाणी वाढवायचे असेल तर ओल्या खाण्यात एक-दोन चमचे कोमट पाणी मिसळावे आणि पाण्याची भांडी घरात दोन-तीन ठिकाणी, खाण्याच्या वाटीपासून लांब ठेवावीत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा याचाच उपयोग होतो.

सफरचंद साल व मधला भाग काढून चालते. बिया चावल्या गेल्या तर त्यांतून सायनाइड तयार होते, म्हणून त्या पूर्ण काढाव्यात. एखादी बी गिळली गेली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. चेरी, आलुबुखार, पीच, जर्दाळू यांच्या बियांतही तेच द्रव्य असते आणि बीचा आकार आतड्यात अडकण्याजोगा असतो, त्यामुळे ही फळे टाळलेलीच बरी. सुरगाणा-कळवणकडून येणारी स्ट्रॉबेरी नीट धुऊन, देठाची पाने काढून तुकड्यापुरती देता येते. तिच्यात साखरही कमी असते, दर १०० ग्रॅमला सुमारे ५ ग्रॅम. केळ्यात ती १२ ग्रॅमच्या आसपास आणि आंब्यात १४ च्या आसपास असते, म्हणून या दोन्हींची पाळी क्वचित यावी. पिकलेली पपई बिया काढून चालते.

आंब्याच्या सालीत आणि चिकात त्वचेला व तोंडाला खाज आणणारी द्रव्ये असतात आणि कोय चाटता चाटता तिचे धागे गिळले जातात, म्हणून कोय-साल थेट झाकणाच्या डब्यात जावी. सीताफळाच्या बिया विषारी असतात, आणि त्या फळात गर कमी व बिया जास्त. एकेक बी सोडवून मांजराला भरवण्याचा खटाटोप करण्यात अर्थ नाही. चिकूच्या बीला आकड्यासारखे टोक असते. बागलाणचे डाळिंब विषारी नसले तरी त्याचे कडक दाणे मांजर चावत नाही, तसेच गिळते आणि बहुधा तसेच उलटून टाकते. बोरे, जांभळे, करवंदे, पेरू यांचाही प्रश्न बियांचाच.

संत्री, मोसंबी, लिंबू यांच्या सालीतल्या तेलांनी मांजराला लाळ सुटते, उलट्या होतात. सुदैवाने वासामुळेच ते लांब राहते. तेलांचे हे द्रव्य फरशी पुसण्याच्या लिंबाच्या वासाच्या द्रवांत आणि सुगंधी तेलांतही असते, आणि मांजर पंजे चाटते, हे मात्र विसरू नये. ॲव्होकॅडो आता इथेही मिळू लागला आहे. तो देऊ नये.

मधुमेह, मूत्रपिंडांचा आजार, जुने आतड्यांचे दुखणे किंवा वाढलेले वजन असलेल्या मांजराला आणि सहा महिन्यांखालच्या पिल्लाला मी कोणतेच फळ देत नाही व देऊ देत नाही.

बंद करून पुन्हा सुरू करणे

दोष फळाचा आहे की नाही हे ठरवण्याची पद्धत अशी. सलग दोन आठवडे सर्व फळे, दूध आणि ताटातले तुकडे पूर्ण बंद ठेवावेत. रोजचे खाणे मात्र बदलू नये, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या की काहीच कळत नाही. या काळात शी घट्ट झाली आणि उलट्या थांबल्या, तर कारण बंद केलेल्या गोष्टींतच होते. नंतर हवे असल्यास एकाच फळाचा एकच तुकडा, खोलीच्या तापमानाचा, दिवसा आणि जेवणानंतर द्यावा, आणि दोन दिवस शी पाहावी. ठीक राहिले तर तीन-चार दिवसांनी पुन्हा तेच फळ. दुसरे फळ त्यानंतरच्या आठवड्यात. मांजराने वास घेऊन तोंड फिरवले तर आग्रह करू नये, विषय तिथेच संपतो.

घरातल्या ज्येष्ठांना ‘देऊ नका’ असे सांगून भागत नाही, त्यांना देण्यासाठी दुसरे काहीतरी हातात ठेवावे लागते. आजोबांच्या टेबलावर एक छोटी डबी ठेवून तिच्यात मांजराच्या रोजच्या मापातलेच कोरडे दाणे मोजून भरावेत. मांसाहारी घरांत मीठ-मसाल्याशिवाय उकडलेल्या कोंबडीचा धागा किंवा उकडलेल्या अंड्याचा कण देता येतो. हिरवे काहीतरी चघळण्याची मांजराची हौस असेल तर नवरात्रात घटाखाली रुजवतो तसे गहू एका पसरट कुंडीत पेरावेत. आठ-दहा दिवसांत येणारी कोवळी पाती मांजरे आवडीने खातात आणि केसांचा गोळा बाहेर पडायलाही काहींना त्याची मदत होते.

तरीही थांबले नाही तर

दोन आठवडे फळ बंद असूनही उलट्या चालू राहिल्या तर फळाला निर्दोष ठरवून पुढे जावे. उलटीत लांबट केसांची वळी असते का, खाल्ल्यानंतर लगेच न चावलेले दाणे तसेच बाहेर येतात का, हे पाहावे. पहिल्यात विंचरणे वाढवावे लागते, दुसऱ्यात मांजर घाईने गिळत असते आणि तेच खाणे चार भागांत विभागून पसरट ताटलीत दिल्याने फरक पडतो. घरात मनी प्लांट असेल तर त्याची पाने कुरतडलेली आहेत का तेही बघावे. फुलदाणीत लिली असेल तर ती आजच घराबाहेर काढावी, कारण खऱ्या लिलीचे परागकणसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी करतात.

दर रविवारी मांजराचे वजन करावे: त्याला उचलून घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करावे. त्यासाठी डिजिटल काटा हवा, कारण ४ किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम कमी होणे म्हणजे शरीराचा विसावा हिस्सा जाणे, आणि असा फरक नुसत्या नजरेला दिसत नाही. वजन उतरत असेल, पाणी पिणे वाढले असेल किंवा मांजर सात-आठ वर्षांच्या पुढचे असेल, तर पोटाच्या औषधांवर न थांबता रक्त, साखर आणि मूत्रपिंडांची तपासणी करून घेण्याविषयी डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. जाताना फ्रिजवरचा कागद, उलटीचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि त्याच सकाळच्या शीचा नमुना स्वच्छ, कोरड्या डबीत घेऊन जावा. नमुना जितका ताजा, तितके त्यातले जंत व जिआर्डियासारखे परजीवी सापडण्याची शक्यता जास्त. एका तपासणीत काही दिसले नाही तर डॉक्टर काही दिवसांच्या अंतराने पुन्हा नमुना मागतात, तोही टाळू नये.